मालक की सालगडी?

(मंडळाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याच्या ओघातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)



कार्यकारिणीचा फोन आला, तेव्हा त्यांची अपेक्षा होती की मी एआयवर बोलेन. हल्ली कॉम्प्युटर इंजिनियर दिसला की लोक दोनच प्रश्न विचारतात. एक, एआयमुळे आमच्या नोकऱ्या जाणार का? आणि दोन, आमचा प्रिंटर का चालत नाही? मी आज या दोन्हीवर बोलणार नाही. मी बोलणार आहे ट्रक ड्रायव्हरवर.

आता तुम्ही म्हणाल, याचा आणि ट्रकचा काय संबंध? सांगतो. मी आयटी कन्सल्टंट. क्लायंट सांगेल त्या गावी, सांगेल ते सॉफ्टवेअर. मध्यंतरी लाँग बीचजवळच्या एका ट्रक कंपनीचं काम माझ्याकडे आलं. बंदरात जहाजातून उतरलेले कंटेनर उचलायचे आणि पन्नास-साठ मैलांवरच्या गोदामात नेऊन टाकायचे, हा त्यांचा धंदा. इथे त्याला ड्रेएज म्हणतात. मला करायचा होता ड्रायव्हरच्या साप्ताहिक हिशोबाचा भाग. किती खेपा झाल्या, किती पैसे झाले, किती कापले, हातात किती.

त्यांच्या डेटाबेसमध्ये ड्रायव्हरच्या टेबलात एक रकाना होता. त्यात एकच अक्षर. कर्मचारी असेल तर एक, कंत्राटदार असेल तर दुसरं. बस्स! पण त्या एका अक्षरावर माझा निम्मा प्रोग्राम उभा होता. अक्षर 'कर्मचारी' असेल तर तासांची नोंद घ्या, किमान वेतनाशी ताडून बघा, टॅक्स कापा, कंपनीचा सोशल सिक्युरिटीचा वाटा भरा, अपघात विम्याचा हप्ता काढा. अक्षर 'कंत्राटदार' असेल तर हे सगळं सोडा, थेट पुढे जा आणि ट्रकचा हप्ता वजा करा. गंमत म्हणजे दोन्ही प्रकारचे ड्रायव्हर एकाच गेटमधून जात, एकाच डिस्पॅचरचं ऐकत आणि त्याच गोदामात तेच कंटेनर टाकत. माणूस तोच, काम तेच. अक्षर बदललं की हिशोब बदलला.

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात बसला. मी वकील नाही, सी.पी.ए. नाही. वाचलं, लोकांशी बोललो, ते तुमच्यापुढे ठेवतो.

आधी साधा फरक समजून घेऊ. नोकरी म्हणजे वर्षाअखेरीला डब्ल्यू-२ चा कागद. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्के तुमच्या पगारातून जातात आणि तेवढेच मालक आपल्या खिशातून भरतो. नोकरी सुटली तर बेकारी भत्ता. कामावर हात मोडला तर वर्कर्स कॉम्प. युनियन करायची झाली तर १९३५ च्या कायद्याचं संरक्षण. स्वतंत्र कंत्राटदार म्हणजे १०९९ चा फॉर्म. तिथे दोन्ही वाटे तुमचेच, मिळून १५.३ टक्के. बेकारी भत्ता नाही, कामावरच्या अपघाताची भरपाई नाही. १९४७ च्या दुरुस्तीनं कंत्राटदारांना युनियनच्या कायद्यातून स्पष्टच वगळलं. आणि कंत्राटदारांनी एकत्र येऊन भाव ठरवला, तर ती धंदेवाल्यांची संगनमतानं केलेली भाववाढ ठरू शकते! याच्या बदल्यात कंत्राटदाराला काय मिळायला हवं? स्वातंत्र्य. आपला भाव आपण ठरवायचा, नको ते काम नाकारायचं, चार गिऱ्हाईकं धरायची, नफा झाला तर आपला. हा सौदा खरा असेल तर उत्तमच आहे. आपल्यातले कितीतरी जण तो आनंदानं करतात.

गडबड होते ती नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा असला की.

हे सगळं कुठून सुरू झालं? पूर्वी इथे ट्रकच्या धंद्यावर सरकारचं कडक नियंत्रण होतं. कुणी कुठल्या मार्गावर माल न्यायचा, दर काय घ्यायचा, सगळ्याला परवाना. ड्रायव्हर बहुतेक टीमस्टर्स युनियनचे. १९६४ साली जिमी हॉफानं देशभरासाठी एकच करार घडवून आणला आणि त्याखाली चार लाखांहून जास्त ड्रायव्हर आले. ट्रक ड्रायव्हर म्हणजे घर, गाडी, मुलांचं कॉलेज परवडणारा माणूस. पण या व्यवस्थेची दुसरी बाजूही होती. नव्या माणसाला धंद्यात शिरणं मुश्किल, दर चढे आणि नियमांपायी ट्रक परतीला रिकामे धावायचे. जुलै १९८० मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी मोटर कॅरियर कायद्यावर सही केली आणि दरवाजे उघडले. वाहतूक स्वस्त झाली. आज आपल्या दारात खोका इतक्या कमी खर्चात येतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

पण स्वस्त म्हणजे कुणासाठी? एक ट्रक आणि एक फोन असला की कंपनी, असं झाल्यावर दरासाठी झुंबड उडाली. खर्च कमी करायचा सोपा रस्ता म्हणजे ट्रक आपण घ्यायचाच नाही, ड्रायव्हरला घ्यायला लावायचा. बंदरांमध्ये हे फार लवकर झालं. जुने, धूर ओकणारे ट्रक घेऊन बरेचसे स्थलांतरित ड्रायव्हर खेपेवर काम करू लागले. खेपेवर म्हणजे काय, तर बंदराच्या गेटबाहेर तीन तास रांगेत काढले तर त्याचे सहसा शून्य. आपण बिलेबल अवर्स म्हणून एकेक तास लिहितो ना, त्याच्या बरोबर उलट.

मग आलं २००८. लॉस एंजेलिस आणि लाँग बीच ही शेजारशेजारची बंदरं मिळून देशातलं सगळ्यात मोठं कंटेनरचं ठाणं. आसपासच्या वस्त्यांना धुराचा त्रास प्रचंड. म्हणून १ ऑक्टोबर २००८ पासून स्वच्छ ट्रकची योजना सुरू झाली. १९८९ च्या आधीचे ट्रक बंद आणि पुढच्या काही वर्षांत बाकीचे जुनेही बंद. हवा खरोखर सुधारली, त्याबद्दल वाद नाही. प्रश्न होता नव्या ट्रकचा. किंमत लाखभर डॉलरच्या घरात. ती कुणी भरायची?

लॉस एंजेलिस बंदराचं म्हणणं होतं की कंपन्यांनी भरावी. म्हणून त्यांनी अट घातली की टप्प्याटप्प्यानं ड्रायव्हर हे कंपनीचे कर्मचारीच असले पाहिजेत. लाँग बीचनं ही अट घातली नाही. ट्रक कंपन्यांची संघटना कोर्टात गेली आणि २०११ मध्ये नवव्या सर्किट कोर्टानं ती अट रद्द केली. कारण असं की ट्रक कंपन्यांचे दर, मार्ग आणि सेवा यांत राज्यांनी नि शहरांनी ढवळाढवळ करायची नाही, असा संघराज्याचा कायदा आहे. परिणाम काय झाला? नवा ट्रक आला, स्वच्छ ट्रक आला, पण बऱ्याच ठिकाणी हप्ता ड्रायव्हरच्या गळ्यात पडला. ज्या माणसाला बँक कर्ज देणार नाही, त्याला कंपनीनंच ट्रक भाडेपट्टीनं दिला. हप्ते भरत राहा, शेवटी ट्रक तुझा. तोपर्यंत कागदोपत्री कंपनीचा. आणि दुसऱ्या कंपनीचं काम करायचं म्हणालास तर ट्रक इथेच ठेवून जा.

मी जे हिशोब बघत होतो, ते या जातीचे. समजण्यापुरतं एक उदाहरण देतो, आकडे माझे आहेत, कुणा एकाचे नाहीत. आठवड्याच्या खेपांचे झाले १,८०० डॉलर. त्यातून ट्रकचा हप्ता ५५०, विमा २००, डिझेल ६००, पार्किंग नि परवाने ८०, दुरुस्तीची राखीव रक्कम १२०. उरले २५०. साठ तास काम झालं असेल तर ताशी चार डॉलरच्या आसपास. आता समजा तो दोन दिवस आजारी पडला. खेपांचे झाले १,०००, डिझेल लागलं ३५०. पण हप्ता, विमा, पार्किंग, राखीव यांना ताप येत नाही! ते ९५० ठरलेलेच. म्हणजे हिशोब गेला तीनशेनं उणे. आठवडाभर राबून माणूस कंपनीला देणं लागतो आणि ते पुढच्या आठवड्यात वळतं होतं. कंपनीनं मला सांगितलं होतं की उणे रक्कम पुढे ओढायची सोय ठेवा. प्रोग्रामर म्हणून ते दहा ओळींचं काम आहे. पण त्या दहा ओळींचं आपल्याकडचं जुनं नाव काय, ते तुम्हाला माहीत आहे. सावकाराची वही!

हे माझ्याच क्लायंटपुरतं नव्हतं. २०१७ साली 'यूएसए टुडे'नं बंदरातल्या ड्रायव्हरांवर मोठी शोधमालिका छापली. तिच्यातल्या एका ड्रायव्हरच्या हातात एका आठवड्याला सगळी वजावट होऊन ६७ सेंट पडले होते. डॉलर नव्हे हं, सेंट. कॅलिफोर्नियाच्या लेबर कमिशनरकडे अशा ड्रायव्हरांचे शेकडो दावे आले आणि अनेकांमध्ये निकाल लागला की हे कर्मचारीच आहेत. पण निकाल हातात आणि पैसे नाहीत, असंही झालं, कारण कंपनी बंद करून नव्या नावानं पाटी लावता येते. म्हणून २०१८ मध्ये राज्यानं आणखी एक कायदा केला. निकालाचे पैसे थकवलेल्या बंदर-वाहतूक कंपन्यांची सरकारी यादी लागते आणि यादीतल्या कंपनीला काम देणारा बडा दुकानदारही पुढच्या थकबाकीला जबाबदार धरला जाऊ शकतो.

आता कोर्टं हे ठरवतात कसं? हा भाग मला सगळ्यात रंजक वाटला, कारण आपल्या खेड्यातल्या माणसाला तो एका वाक्यात कळेल. आपल्याकडे शेतात काम करणारे किती प्रकारचे? सालगडी वेगळा. त्याला वर्षाचा ठरलेला मोबदला, मालक सांगेल ते काम. अर्धेलीनं करणारा वेगळा. तो पीक वाटून घेतो, तोटाही वाटून घेतो.

कॅलिफोर्नियातला या विषयावरचा गाजलेला निकाल काकडीच्या शेतातलाच आहे! १९८९ सालचा, बोरेलो नावाच्या शेती कंपनीचा. तिनं काकडी तोडणाऱ्या मजुरांशी 'वाटेकरी' म्हणून करार केले होते. सही घेतली की तुम्ही स्वतंत्र. राज्याचं सुप्रीम कोर्ट म्हणालं, जमीन तुमची, बियाणं तुमचं, भाव तुम्ही ठरवलेला, विक्री तुमची. मग हे वाटेकरी कसले? हे मजूरच. आपल्या भाषेत, अर्धेलीचा कागद करून सालगडी राबवता येणार नाही.

२०१४ मध्ये फेडेक्स ग्राउंडच्या ड्रायव्हरांचा निकाल आला. या लोकांनी ट्रक स्वतःच्या पैशानं घेतलेले. पण त्याचा रंग कुठला, आतले कप्पे कसे, गणवेश कसा, केस-दाढी कशी, हे सगळं कंपनीचं. नवव्या सर्किट कोर्टानं त्यांना कर्मचारी ठरवलं. त्यात एका न्यायाधीशानं लिंकनच्या नावावर सांगितली जाणारी गोष्ट दिली आहे. कुत्र्याच्या शेपटीला पाय म्हटलं तर कुत्र्याला पाय किती? तर चारच, कारण म्हटल्यानं शेपटीचा पाय होत नाही. कंपनीनं २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दोन हजारांवर ड्रायव्हरांशी २२ कोटी ८० लाख डॉलरला तडजोड केली.

मग ३० एप्रिल २०१८. डायनामेक्स नावाच्या कुरिअर कंपनीनं २००४ साली आपल्या सगळ्या ड्रायव्हरांना कर्मचाऱ्याचे कंत्राटदार करून टाकलं होतं. तो खटला राज्याच्या सुप्रीम कोर्टात आला आणि कोर्टानं तीन प्रश्नांची चाचणी लावली. कामावर तुमचं नियंत्रण नाही ना? हे काम तुमच्या मुख्य धंद्याच्या बाहेरचं आहे ना? आणि या माणसाचा स्वतःचा असा स्वतंत्र धंदा आहे ना? तिन्ही उत्तरं 'हो' आली आणि ती कंपनीनं सिद्ध केली तरच तो कंत्राटदार, नाहीतर कर्मचारी. कोर्टानं दिलेलं उदाहरण फार सोपं आहे. दुकानाच्या बाथरूममधला नळ गळतो म्हणून प्लंबर बोलावला, तो कंत्राटदार. पण कपडे बनवणारी कंपनी घरी बसलेल्या शिवणकाम करणाऱ्या बाईला कापड आणि नमुने देते आणि ड्रेस शिवून घेते, तर ती बाई कर्मचारी. सप्टेंबर २०१९ मध्ये एबी-५ या नावानं याचाच कायदा झाला आणि १ जानेवारी २०२० पासून लागू झाला.

ट्रकवाल्यांची अडचण मधल्या प्रश्नात आहे. ट्रक कंपनीचा मुख्य धंदाच माल वाहणं. मग माल वाहणारा माणूस त्या धंद्याच्या बाहेरचा कसा ठरणार? म्हणजे इथे खरा मालक-ड्रायव्हरही अडकला! ट्रक कंपन्यांनी कोर्टातून स्थगिती मिळवली. एप्रिल २०२१ मध्ये ती उलटली आणि ३० जून २०२२ रोजी देशाच्या सुप्रीम कोर्टानं प्रकरण ऐकायला नकार दिला. त्यानंतर काय झालं आठवतंय? जुलै २०२२ मध्ये ओकलंड बंदर जवळपास आठवडाभर ठप्प झालं. ते ठप्प करणारे ड्रायव्हरच होते. 'आम्हाला कर्मचारी करू नका' म्हणून.

इथे आपण जरा थांबलं पाहिजे. ज्यांच्या भल्यासाठी कायदा, तेच रस्त्यावर का? मी यार्डात ज्या ड्रायव्हरांशी गप्पा मारायचो, त्यात एक सरदारजी होते. कॅलिफोर्नियाच्या ट्रक धंद्यात पंजाबी मंडळी पुष्कळ आहेत, हे तुम्हाला माहीत आहेच. ट्रक त्यांचा स्वतःचा, कर्ज फिटलेलं, स्वतःचा परवाना, तीन-चार कंपन्यांचं काम. मला म्हणाले, "बेटा, मी अमेरिकेत दुसऱ्याचा ट्रक चालवायला आलो नव्हतो." दिवाळीला-बैसाखीला सुट्टी घ्यायची तर त्यांना कुणाला विचारावं लागत नाही. भाडं परवडत नसेल तर सरळ नाही म्हणतात. त्यांना कर्मचारी बनवणं म्हणजे त्यांची वीस वर्षांची कमाई काढून घेणं आहे. कायद्यात धंदेवाल्या-धंदेवाल्यांच्या व्यवहाराला सूट आहे, पण तिच्या अटी बारा. एकट्या माणसानं बारा अटींचे कागद सांभाळत ट्रक कधी चालवायचा?

आणि त्यांचा एक राग मला पटला. उबर-लिफ्टसारख्या ॲपवाल्यांनी नोव्हेंबर २०२० मध्ये प्रपोझिशन २२ आणून, वीस कोटी डॉलरपेक्षा जास्त खर्च करून मतदारांकडून स्वतःसाठी वेगळा नियम करून घेतला. जुलै २०२४ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टानं तो कायमही केला. ज्याच्याकडे पैसा, त्याला अपवाद. एका ट्रकच्या मालकानं कुठलं प्रपोझिशन आणायचं?

म्हणजे मंडळी, एकाच यार्डात दोन माणसं उभी आहेत. दोघांच्याही रकान्यात अक्षर एकच. एक खरा मालक आहे आणि दुसरा मालकाचा कागद खिशात घेऊन फिरणारा सालगडी. फरक कसा ओळखायचा? माझी स्वतःची कसोटी दोन शब्दांची आहे, हुकूम आणि जोखीम. कामावर हुकूम कुणाचा आणि तोट्याची जोखीम कुणाची, एवढं बघायचं. सरदारजींकडे दोन्ही आहेत, ते मालक. साध्या पगारी ड्रायव्हरकडे दोन्ही नाहीत, तो नोकर. दोन्हीही सरळ सौदे आहेत. जिथे हुकूम कंपनीचा आणि जोखीम ड्रायव्हरची, तिथे लबाडी आहे. डिझेल महाग झालं तर तुझं, जहाज उशिरा आलं तर तुझं, टायर फुटला तर तुझा, पण कुठे जायचं ते मी सांगणार! अशा माणसाच्या हातात स्टिअरिंग असतं एवढंच.

संघराज्याच्या पातळीवर तर हा लंबक आहे. कामगार खात्यानं २०२१ मध्ये एक नियम आणला, तो मागे घेतला, २०२४ मध्ये सहा निकषांचा दुसरा आणला आणि मे २०२५ मध्ये जाहीर केलं की आपल्या तपासात आपण तो लावणार नाही. सरकार बदललं की व्याख्या बदलते. ट्रकचा हप्ता मात्र बदलत नाही.

याला तिसरा रस्ता आहे का? मला राहून राहून आपल्या मुंबईची आठवण येते. बाजारातला, गोदीतला हमाल आज या व्यापाऱ्याचा माल उतरवतो, उद्या त्या. त्याचा मालक कोण? सगळेच, म्हणजे कुणीच नाही. अण्णासाहेब पाटलांनी या माथाडी कामगारांना संघटित केलं आणि १९६९ साली महाराष्ट्रानं माथाडी कायदा केला. त्यानं मंडळं स्थापन केली. आपल्यासारखं मंडळ नव्हे हं, गणपती बसवणारं! सरकार, मालक आणि कामगार या तिघांचे प्रतिनिधी असलेलं मंडळ. हमालाची नोंद मंडळाकडे, व्यापाऱ्याचीही नोंद मंडळाकडे. व्यापारी मजुरी अधिक ठराविक टक्के लेव्ही मंडळात भरतो आणि त्यातून हमालाला प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, औषधपाणी मिळतं. 'तू नोकर की कंत्राटदार' हा वादच बाजूला ठेवला. मालक बदलले तरी सवलती माणसाबरोबर राहतात. पुढे त्या व्यवस्थेत दोष शिरले, बोगस माथाडींच्या तक्रारी झाल्या, ते खरंच. पण पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी डोक्यावर ओझं वाहणाऱ्या माणसासाठी आपल्याकडे हा विचार झाला, याचा मला अभिमान वाटतो. इथले हुशार लोक आज 'माणसाबरोबर फिरणाऱ्या सवलती' म्हणून ज्याची चर्चा करतात, ते आपल्या मशीद बंदरच्या हमालाला ठाऊक होतं.

शेवटी आपल्याबद्दल. हा विषय ट्रकचा आहे आणि आपण एअर कंडिशनमध्ये बसणारे, असं वाटत असेल तर दोन गोष्टी सांगतो. १९७८ च्या एका कायद्यानं धंद्यांना सोय दिली होती की पूर्वापार कंत्राटदार मानत आला असाल तर आयआरएस फार खोलात जाणार नाही. १९८६ च्या कर सुधारणा कायद्यातलं कलम १७०६ आलं आणि मधल्या कंपनीमार्फत काम करणाऱ्या इंजिनियर, प्रोग्रामर, सिस्टिम अॅनालिस्ट यांच्यापुरती ती सोय काढून घेतली. आपल्याला क्लायंटकडे पाठवणाऱ्या कंपन्या बहुतेक डब्ल्यू-२ च देतात, त्याचं एक मूळ तिथे आहे. दुसरी गोष्ट मायक्रोसॉफ्टची. वर्षानुवर्षं तिथेच काम करणारे, पण नारिंगी बिल्ल्याचे 'तात्पुरते' लोक. त्यांनीही स्वतंत्र असल्याच्या कागदावर सह्या केल्या होत्या. खटला चालला आणि डिसेंबर २००० मध्ये कंपनीनं ९ कोटी ७० लाख डॉलरला तडजोड केली. म्हणजे काकडीवाला, ट्रकवाला आणि कीबोर्डवाला, तिघांचा प्रश्न एकच.

आणि तो आपल्या घरातही येतो. माझ्या बायकोला एच-४ वर काम करायची परवानगी मिळाली, तेव्हा पहिलंच काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं मिळालं. लॅपटॉप त्यांचा, वेळ नऊ ते पाच, सुट्टीला मॅनेजरची परवानगी. आणि कागद कुठला? १०९९. "सगळेच असं करतात," असं उत्तर मिळालं. तिनं चार महिन्यांत दुसरी नोकरी शोधली, पण तेवढ्या दिवसांचा मालकाचा टॅक्सही आमच्या खिशातून जायची वेळ आली. आपल्या मंडळातल्या किती सुना-मुली, नुकतं कॉलेज झालेली किती मुलं अशा कागदावर सह्या करत असतील! तेव्हा लक्षात ठेवा. आयआरएसचा एसएस-८ हा फॉर्म भरून तुम्ही त्यांनाच विचारू शकता की मी कर्मचारी की कंत्राटदार. आणि त्याच्या जोडीला ८९१९ नंबरचा फॉर्म असतो, त्यानं फक्त आपल्या वाट्याचा सोशल सिक्युरिटी टॅक्स भरायची सोय आहे. सही करण्याआधी आपल्या सी.पी.ए.ला विचारा. सही झाली असली तरी घाबरू नका, शेपटीला पाय म्हटल्यानं पाय होत नाही.

आणि आपल्यातले जे स्वतः कंपन्या चालवतात, दुकानं चालवतात, गोदामं चालवतात, त्यांना हात जोडून एवढंच सांगेन. कंत्राटदार जरूर ठेवा, पण मग त्याला 'नाही' म्हणू द्या. 'नाही' म्हणू द्यायचं नसेल तर पगारावर घ्या. हुकूम ज्याचा, जोखीम त्याची. एवढं पाळलं तर एबी-५ वाचायचीसुद्धा गरज पडणार नाही.

प्रिंटरबद्दलचे प्रश्न चहाच्या वेळी घेईन.